जंगल सातबाऱ्यावर असतं तेव्हा: मालकांशी बोलायचं कसं

रत्नागिरी जिल्ह्यात रान वाचवायला म्हणून कुणी आलं की आधी वनखात्याच्या कचेरीत जातं. जावं, ओळख असलेली बरी. पण आमच्या जिल्ह्यात वनखात्याच्या ताब्यातलं जंगल अगदी थोडं. देवरुखपासून सह्याद्रीच्या पायथ्यापर्यंत उतारावर जे हिरवं दिसतं, ते बहुतेक कुणाच्या ना कुणाच्या सातबाऱ्यावर आहे. ते तोडायचं की राखायचं हे पडवीत बसून ठरतं, आणि बहुतेक वेळा लाकडाचा ठेकेदार तुमच्या आधी येऊन चहा पिऊन गेलेला असतो.

मी इथलीच सून. घरची थोडी कलमं आहेत, दिरांबरोबर सामायिक रान आहे, आणि गेली बरीच वर्षं आमच्या छोट्या गटाबरोबर आसपासच्या गावांतल्या मालकांकडे जाऊन बसते. दर वर्षी शहरातून नवी मुलं येतात. पक्षी ओळखतात, कॅमेरा ट्रॅप लावतात, हुशार असतात. त्यांना तेच तेच सांगून दमले, म्हणून एकदाचं लिहून काढते.

पहिल्या भेटीत धनेश पक्ष्याचं नाव काढायचं नाही. बिबट्या निसर्गाच्या साखळीत किती महत्त्वाचा, हेही नाही. समोरच्या माणसाची शहाळी वांदरांनी भोकं पाडून खाली टाकलेली असतात, दुधात आलेला भात डुकरांनी लोळवलेला असतो. त्याला तुम्ही वांदरांच्या बाजूचे वाटलात की विषय संपला. एका आजोबांनी एका मुलाला सरळ सांगितलं होतं, "तुझा पक्षी राह्यला माझ्या झाडावर, मी नाय म्हणत नाय. पन भाडं कोन देनार?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर घेऊनच दुसऱ्यांदा त्या घरी जावं.

आधी नुकसान

मालकाबरोबर वाडीत फिरा. काय गेलं, कधी गेलं, कुणी नेलं, हे त्याच्या तोंडून ऐका आणि वहीत लिहा. डुकराचं नुकसान ओळखायला सोपं: बांध उकरलेला, भात झोपलेला, वईच्या, म्हणजे कुंपणाच्या, काटक्यांना चिखल आणि राठ केस. साळिंदर माडाचं रोप बुंध्याशी कुरतडतं, आसपास काटा सापडतो. माकड आणि वानर वेगळे, त्यांच्या सवयी वेगळ्या, पण बोलताना सगळ्यांना वांदरच म्हणतात. त्यामुळे लाल तोंडाचं की काळ्या तोंडाचं, हे विचारून घ्या.

वहीचा खरा उपयोग भरपाईसाठी. पिकाचं नुकसान झाल्यापासून 3 दिवसांच्या आत जवळच्या वनरक्षकाला किंवा वनपालाला कळवायचं असतं. गाय, म्हैस किंवा शेळी मारली गेली तर 48 तासांत, आणि पंचनामा होईपर्यंत मेलेलं जनावर जागेवरून हलवायचं नाही. इथेच घोटाळा होतो. बाया म्हणतात वास सुटेल, पोरं खड्ड्यात पुरून टाकतात, आणि मग वनरक्षक येऊन पंचनामा कशाचा करणार? 2022 च्या शासन निर्णयात गाय, बैल, म्हैस यांना बाजारभावाच्या 75 टक्के किंवा 70 हजार, शेळी-मेंढीला 75 टक्के किंवा 15 हजार, यांतली जी कमी ती रक्कम धरली आहे. दर बदलत असतात, म्हणून अर्ज भरताना ताजा निर्णय मागून घ्या. फोन लागत नसेल तर वनखात्याचा 1926 हा टोल फ्री क्रमांक आहे.

अर्जाला सातबारा, आधार, बँकेचं पासबुक लागतं, आणि जमीन सामायिक असेल तर बाकीच्या हिस्सेदारांचं संमतीपत्र. कोकणात हे संमतीपत्र म्हणजे डोकेदुखी. सातबाऱ्यावर सतरा नावं, त्यातले चार वारलेले, दोघी बहिणी लग्न होऊन गुहागर-लांज्याकडे, उरलेले मुंबईत. पण नेमकं हेच काम तुम्ही अंगावर घ्या. कोण कुठे आहे, कुणाचा फोन नंबर काय, कुणाचं कुणाशी वाकडं आहे, हे सगळं संमतीपत्रं गोळा करताना कळतं. भरपाईचे चार पैसे मिळतात की नाही हा पुढचा भाग. पुढे जंगल राखायचा करार करायची वेळ आली तर ही सगळी माणसं तुम्हाला ओळखत असतात, एवढ्यावर अर्धं काम होतं. मी तरी याहून चांगली वाट पाहिलेली नाही.

वांदरांवर रामबाण उपाय आहे असं कुणी सांगितलं तर त्याच्याकडून काही विकत घेऊ नका. फटाके आठवडाभर चालतात, मग त्यांना कळतं. पकडून लांब सोडले तर ते दुसऱ्या कुणाच्या तरी कलमांत उतरतात. खरोखर उपयोग होतो तो माणसाने केलेल्या राखणीचा, आणि वाडीतल्या चार-पाच घरांनी ती आळीपाळीने केली तरच. रानाला लागून असलेल्या पट्ट्यात केळी-पपई लावून मग रडायचं, यालाही अर्थ नाही. तिथे हळद लावा, आहेत त्या झाडांवर मिरीचे वेल चढवा, याला ते सहसा तोंड लावत नाहीत. रानात फळझाडं लावली की वांदरं वाडीत येणार नाहीत, असं सांगायचा मोह होतो. जंगलातला उंबर-जांभूळ वाचवावाच, पण त्याने तुमचा माड सुटेल असं वचन देऊ नका. माड गोड असतो.

फासकी आणि विहीर

या दोन गोष्टी मात्र पहिल्याच फेरीत बोलून घ्यायच्या. यात जनावर मरतं आणि मालकही अडकतो.

डुकरासाठी वईच्या फटीत फासकी, म्हणजे दुचाकीच्या क्लचच्या किंवा ब्रेकच्या जुन्या तारेचा फास, लावलेली असते. लावणारा कधी मालक असतो, पुष्कळदा शिकारीवर जाणारा गावातलाच कुणी, आणि मालकाला पत्ताही नसतो. त्या वाटेने डुकराच्या मागावर बिबट्या येतो आणि कमरेत अडकतो. सुटायची धडपड करताना तार आणखी आवळते. सकाळी शेणी वेचायला गेलेल्या बाईला गुरगुर ऐकू येते, तासाभरात शंभर माणसं जमतात. वनखात्याची गाडी येऊन भूल देईपर्यंत जनावर आतून फाटलेलं असतं, बाहेरून जखम छोटी दिसली तरी. बिबट्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. गुन्हा सिद्ध झाला तर 3 ते 7 वर्षं कैद. आणि पहिली चौकशी ज्याच्या जागेत तार सापडली त्याची होते.

म्हणून मालकाला कायद्याचा धाक घालण्यापेक्षा त्याच्याबरोबर वई फिरा. "काका, तुमच्या हद्दीत दुसऱ्याने लावली असेल तर तुम्हाला त्रास नको," एवढं म्हटलं की तो स्वतःच काठी घेऊन पुढे होतो. तार सापडली तर उपसून घरी न नेता वनरक्षकाला बोलवा. कुणाची असेल यावर गावात चर्चा करू नका. सगळ्यांना माहीत असतं, आणि तुम्हाला पुन्हा त्याच गावात यायचं असतं.

कुंपणात थेट घरातली वीज सोडण्याचा प्रकारही होतो. त्यात डुक्कर मरतं, गाय मरते, आणि पहाटे पाणी लावायला गेलेला शेजारीही मरतो. सौर कुंपणाचा झटका वेगळा: धक्का बसतो, जीव जात नाही. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत त्याला अनुदान आहे. आपलं गाव त्यात बसतं का, ते वनपालाला विचारून मालकाला सांगा. हे एक काम करून दिलंत तरी तुमचं नाव वाडीत होतं. कुंपण लावल्यावर पावसाळ्यात तारेला गवत टेकू द्यायचं नाही, नाहीतर झटका गवतातच जिरतो. हे दुकानदार सांगत नाही.

आता विहिरी. आमच्याकडे कलमांतल्या जुन्या विहिरी जमिनीच्या पातळीला, कठडा नसलेल्या, कडेने घाणेरी आणि रानमोडी माजलेली. रात्री कुत्र्याच्या मागे धावणारा बिबट्या त्यात पडतो, गवा पडतो, गाभण म्हैसही पडते. जांभ्याच्या चिऱ्यांचे चार-पाच थर चढवून कमरेएवढा कठडा आणि वर लोखंडी जाळी, एवढंच काम आहे. देणगीदार शोधायचाच असेल तर यासाठी शोधा. याला विरोध करणारा मालक मला अजून भेटलेला नाही. कठड्यासाठी पैसे जमेपर्यंत आत एक जाड फांदी तिरकी टाकून ठेवावी, पडलेल्या जनावराला तिच्यावर टेकता येतं. बिबट्या पडलाच तर मालकाचं एकच काम: वाडीतली माणसं लांब ठेवणं. पिंजरा सोडणं, बाज सोडणं, हे वनखात्याचं पथक करतं. कठड्यावर वाकून मोबाइलवर व्हिडिओ काढणारेच सगळ्यांत जास्त त्रास देतात.

"जंगल राखलं तर सरकार घेईल"

हे वाक्य तुम्हाला प्रत्येक घरात ऐकायला मिळेल. हसून सोडून देऊ नका, यामागे इतिहास आहे. महाराष्ट्र खासगी वने (संपादन) अधिनियम 1975 चा. तो 30 ऑगस्ट 1975 ला लागू झाला आणि त्या दिवशी खासगी वन ठरलेल्या जमिनी सरकारकडे गेल्या. पुढे कित्येकांच्या सातबाऱ्यावर जुन्या नोटिशींच्या आधारे नोंदी उमटल्या. 2014 मध्ये गोदरेज आणि बॉइस कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, वन कायद्याच्या कलम 35 ची नोटीस नुसती निघाली एवढ्यावर जमीन खासगी वन होत नाही. पण तोवर एका पिढीने धडा घेतला होता: झाडं वाढू द्यायची नाहीत, दहा-पंधरा वर्षांनी साफ करायची, म्हणजे जमीन आपली राहते. त्यात पश्चिम घाटावरचा 2011 चा माधव गाडगीळ समितीचा आणि 2013 चा कस्तुरीरंगन समितीचा अहवाल आला. गावोगाव लोकांना एवढंच कळलं की आता घर बांधायलाही परवानगी लागणार. अहवाल किती जणांनी वाचले हा वेगळा विषय.

मग बोलायचं काय? एक तर "काहीही होणार नाही" असं छातीठोक सांगायचं नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 1996 च्या गोदावर्मन प्रकरणातल्या आदेशानंतर जंगल म्हणजे काय, याचा अर्थ मालकी कुणाची यावर थांबत नाही, आणि तुम्ही वकील नाही. त्यापेक्षा मालकाला घेऊन तलाठ्याकडे जा. ताजा सातबारा, जुने फेरफार, ‘इतर हक्क’ या रकान्यात काय लिहिलंय ते बघा: कुळाचं नाव आहे का, खासगी वनाची नोंद आहे का. नोंद असेल तर तुमच्या गोड बोलण्याने ती जात नाही. त्याला जाणकार वकील गाठून द्या. नोंद नसेल तर मालकाला स्वतःच्या डोळ्यांनी ते दिसतं आणि खांदे जरा सैल होतात. अभयारण्य, राखीव, संवेदनशील क्षेत्र, हे शब्द तुम्ही घरात उच्चारले तर ते संध्याकाळपर्यंत गावभर होतात. "तुमचं रान तुमच्याच नावावर राहणार, आम्ही फक्त तोड थांबवायचं बोलतोय," हे शंभरदा म्हणा.

मागायचं किती

ठेकेदार उक्ती रक्कम देतो, रोख. मुलीचं लग्न, घराची कौलं, नवऱ्याची अँजिओप्लास्टी, अशा वेळी तो येतो, कारण गावात त्याचे कान असतात. तुम्ही सगळं रान तसंच ठेवा म्हणालात तर तुम्हाला ती रक्कम द्यावी लागेल. संगमेश्वर तालुक्यात पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशनने मालकांना मोबदला देऊन जंगल न तोडण्याचे करार केले आहेत. रस्ता आहे, पण त्याला मागे पैसा उभा असावा लागतो. आमच्यासारख्या गटाने थोडंच मागावं.

मी मागते ते असं. पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, दोन्ही कडा, जमेल तितक्या रुंद, कारण तिथली झाडं गेली की मार्चमध्ये पऱ्या आटतो आणि हे मालकालाही माहीत असतं. उभा उतार, जिथून लाकूड काढायला ठेकेदारालाही महाग पडतं. ढोली असलेली जुनी झाडं: बेहडा, सातवीण, रायवळ आंबा. आणि उंबर, वड, पिंपळ. उंबराला हात लावायला गावातले मजूर तसेही कचरतात, दत्ताचं झाड. बाकीच्या भागात मालकाला तोडायचं असेल तर तोडू दे, पण खैर, ऐन, किंजळ, आंबा, फणस यांना परवानगी लागते, ती काढल्याशिवाय नाही. आणि बुंधे मुळासकट उकरायचे नाहीत, म्हणजे फुटवा येतो. पूर्ण रान मागून काहीच न मिळण्यापेक्षा पऱ्याची एक सलग पट्टी मिळाली तर जनावर तिच्यातून खालच्या गावापर्यंत जातं.

ढोलीच्या झाडाखाली मालकाला उभं करा. हे फेब्रुवारी-मार्चमध्ये करायचं, जेव्हा धनेशाची मादी आत बसलेली असते. आमच्याकडे मोठ्याला गरुड म्हणतात. ढोलीचं तोंड लिंपून घेतलेलं असतं, फक्त एक उभी फट. खाली जमिनीवर विष्ठेचा पांढरा सडा आणि त्यात रानातल्या नाना झाडांच्या बिया, काहींना कोंब. लांब झुडपाआड गप्प बसलं की नर येतो, पंखांचा आवाज आधी येतो, आणि गळ्यातून एकेक उंबर वर काढून फटीतून आत देतो. ज्या मालकाने लहानपणापासून हे झाड पाहिलंय त्यानेही हे पाहिलेलं नसतं. मी तेव्हा काहीच बोलत नाही. बोलायची गरज पडत नाही. तेवढ्यासाठी मात्र जागेचा फोटो, गावाचं नाव, काहीही समाजमाध्यमांवर टाकायचं नाही. नाहीतर पुढच्या रविवारी त्या झाडाखाली लांब लेन्सवाल्यांची जत्रा भरते, आणि मालक चिडतो तो तुमच्यावर.

बेहड्याला भाव मिळवून देता आला तर आणखी चांगलं. त्रिफळ्यात जातो, खाली पडलेली फळं वेचायची असतात. रीतसर वेचणी आणि प्रमाणपत्र असलेल्या हिरडा-बेहड्याला बाहेर मागणी आहे. रातांब्याची सोलं, सातेरीच्या मधाच्या पेट्या, हेही आहे. पण यातून ठेकेदाराच्या रकमेची बरोबरी एका वर्षात होणार नाही हे आकडा काढून दाखवा. ‘रोजगार निर्मिती’ असे शब्द ऐकून लोकांचे कान किटलेत.

माणसं कधी भेटतात

सतरा नावं एकत्र फक्त दोन वेळा गावात असतात: गणपतीत आणि शिमग्यात. शिमग्यात पालखी घरी यायच्या दिवशी कुणी तुमचं ऐकणार नाही. पालखी पुढच्या वाडीत गेली की दुसऱ्या दिवशी सकाळी जा. गणपतीत गौरी जेवायच्या दिवशी नको. मे महिन्यात मुलाबाळांसकट येतात, पण आंब्याच्या पेट्यांच्या गडबडीत असतात. उरलेल्या वर्षात मुंबई. बऱ्याच गावांचं मुंबईत मंडळ असतं, परळ-लालबागकडे नाहीतर नालासोपाऱ्यात रविवारी बैठक होते. परवानगी घेऊन तिथे दहा मिनिटं बोलता येतं. मी गेलेय. गावात विरोध करणारा माणूस तिथे सगळ्यांत जास्त प्रश्न विचारतो आणि पहिली सही त्याचीच होते, असंही घडलंय.

जमीन काकांच्या नावावर असते, निर्णय काकूंचा. माजघरात जाऊन बसायची मला सोय आहे, पुरुष कार्यकर्त्याला नाही, म्हणून गटात एक तरी बाई हवी. पाणी कुठून आणता, सरपण कुठून, हे तिला विचारा. पऱ्याची पट्टी राखायला ती पहिल्यांदा हो म्हणते. घरच्या चुलीपुरतं सुकं लाकूड काढायचा हक्क करारात लिहा, नाहीतर ती तुम्हाला दारात उभं करणार नाही, आणि बरोबरच आहे.

करार मुद्रांकावर, नोटरीपुढे. शंभराचा मुद्रांक आता बंद झाला, पाचशेचा घ्यावा लागतो. त्यात गट नंबर, हिस्सा, चतुःसीमा, किती वर्षं, फळं कुणाची, वादळात पडलेलं झाड कुणाचं, वणवा लागला तर कोण काय करणार, हे साध्या मराठीत. वणव्याचं नुसतं लिहून भागत नाही, जानेवारी संपेपर्यंत सड्याच्या, म्हणजे वरच्या कातळमाळाच्या, बाजूने जाळपट्टा (आग अडवायला गवत काढून मोकळी केलेली पट्टी) काढायला स्वतः हजर राहा. सगळ्यांच्या सह्या एका दिवशी होत नाहीत. ज्यांच्या राहिल्या त्यांच्यासाठी कागद परत परत मुंबईला पाठवायचा.

करार झाल्यावर वर्षातून एकदा दिसणारे लोक गावाला आवडत नाहीत. पावसाळ्याआधी एकदा, भात कापणीच्या वेळी एकदा, वाटेत आलात तर उगाच एकदा. आणि सही केलेल्यांपैकी कुणी वारलं तर भेटायला जा, पण कागद घेऊन नाही. वारस नोंदीचा फेरफार मंजूर झाला की मग नव्या नावांकडे जायचं, आणि त्यांना पहिल्यापासून सगळं सांगायचं, अगदी त्यांच्या बापाने सही केली असली तरी.